उजवीकडून वाचा

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची तिच्या तीन सोबत्यांना घेऊन वरसेला आली. चौघेही पनवेलकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहेत. दोन मुली, दोन मुलगे. दिवा-रोहा गाडीने उतरले, स्टेशनवरून रिक्षा केली आणि सलाम-दुआ होते न होते तोच हॉलमध्ये चटई अंथरून बसले. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत त्यांना एक सॉफ्टवेअर प्रोजेक्ट पुरा करायचा आहे. त्याचा आराखडा, ज्याला ते सिनॉप्सिस म्हणतात, सुट्टी संपताच गाईडच्या टेबलावर ठेवायचा होता. पनवेलच्या फ्लॅटमध्ये चार जणांना कागद पसरून बसता येत नाही आणि खालाच्या घरी तांदळाची भाकरी मिळते, या दोन कारणांवर माझ्या घराची निवड झाली होती.

प्रोजेक्टचे नाव होते 'फिशिंग वेबसाइट ओळखणारी प्रणाली'. भाचीने मला समजावायला सुरुवात केली, "खाला, फिशिंग म्हणजे काय माहितीये का..."

"माहीत आहे," मी म्हटले. आवाज जरा चढला असावा. ती गप्प झाली.

माहीत होते ते असे. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोणाच्या घरी मय्यत, कोणाचे लग्न, पाणी कधी येणार, सगळे त्यावरच कळते. एके दिवशी मधल्या सुट्टीत मला कुठून तरी एक मेसेज आला, की ई-केवायसी येथे करा, मुदत संपत आली आहे, दीड हजार बंद होतील. खाली लिंक. मी ती उघडूनही पाहिली नाही. घंटा होत होती. ग्रुपवर पुढे पाठवली आणि वर्गावर गेले.

शेजारच्या भाभीने त्याच संध्याकाळी ती उघडली. वर राजमुद्रा, नेत्यांचे फोटो, गुलाबी पट्टी, सगळे होते तसे. तिने आधार नंबर भरला, खाते नंबर भरला, आलेला ओटीपी तीनदा टाकला. रात्री खात्यातून 18,400 रुपये गेले. मुलाच्या क्लासची फी होती ती, कुवेतहून भाईने पाठवलेली. भाभीने एक दिवस कोणाला सांगितले नाही. शरम वाटली, आणि भाई फोनवर काय म्हणतील याची भीती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा रडली नाही, रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, "टीचरने पाठवली म्हणजे बरोबरच असणार असं वाटलं गो."

आम्ही लगेच 1930 वर फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तक्रार लवकर गेली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात तो रोखता येतो. आमचा एक दिवस वाया गेला होता. थोडी रक्कम एका खात्यात अडकवली गेली असे पुढे कळले. ती हातात येण्याची प्रक्रिया अजून चालू आहे. बँकेतही लेखी कळवावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, आपल्याच चुकीने, म्हणजे ओटीपी दिल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून भाभीसारखे एक दिवस गप्प बसणे सगळ्यात महाग पडते.

हे सगळे मी त्या चौघांना सांगितले. लिंक मीच पाठवली होती, हेही. मग त्यांचा कागद पाहायला घेतला.

कागदाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले होते, 'उद्दिष्ट : 97 टक्के अचूकता'. खाली कोणती पद्धत वापरणार त्यांची नावे होती, रँडम फॉरेस्ट, एक्सजीबूस्ट वगैरे. त्याच्याखाली कामाची वाटणी. दोन्ही मुलगे कोडिंग करणार. मुलींनी रिपोर्ट लिहायचा, पीपीटी करायची आणि माहिती गोळा करायची. मी वाटणीकडे बोट ठेवले आणि काही बोलले नाही. पंधरा-वीस वर्षे विज्ञान प्रदर्शनांत मी हेच पाहत आले आहे. मॉडेलला तारा जोडतो मुलगा, तक्ता रंगवते मुलगी, आणि परीक्षकांनी प्रश्न विचारला की उत्तर तक्ता रंगवणारीच देते.

इथेही तसेच झाले. मी विचारले, "संगणकाला खोटी वेबसाइट ओळखायला शिकवणार, तर शिकवायला उदाहरणे कुठून आणणार?" मुलाने सांगितले की जगभर विद्यार्थी वापरतात असा तयार संच आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या भांडारात तो 2015 पासून फुकट मिळतो. त्यात 11,055 वेबसाइटी आहेत आणि प्रत्येकीची 30 लक्षणे नोंदवली आहेत. पत्ता किती लांब आहे, त्यात नावाऐवजी नुसते आकडे आहेत का, मध्ये आडवी रेघ आहे का, वेबसाइट कधी नोंदवली, अशी. चौपन्न अक्षरांहून लहान पत्ता बरा, पंच्याहत्तरपेक्षा लांब असला तर संशय, असे ठोकताळे. मला ते आवडले. एखाद्या अनुभवी रेशनदुकानदाराने खोटी नोट कशी ओळखायची ते सांगावे तसे.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली दुसरी मुलगी, जिच्या वाट्याला पीपीटी आली होती, हळूच म्हणाली, "पण मॅडम, त्यातली काही लक्षणे आता मिळतच नाहीत." एक लक्षण म्हणजे ती वेबसाइट जगात किती पाहिली जाते, अ‍ॅलेक्साच्या क्रमवारीत कितवी आहे. ती क्रमवारी 1 मे 2022 रोजी बंद झाली. दुसरे लक्षण गूगलचे पेजरँक. ते लोकांना दाखवणे गूगलने 2016 मध्येच थांबवले. म्हणजे या संचावर शिकवलेला संगणक परीक्षेत 97 टक्के मिळवील, आणि उद्या खरोखरची लिंक समोर आली की तीसपैकी काही रकाने भरताच येणार नाहीत. दोन्ही मुलगे लॅपटॉपवर शोधू लागले. थोड्या वेळाने एक जण म्हणाला, "बरोबर आहे." भाचीने पेन घेतले आणि वाटणीच्या तक्त्यावर काट मारली.

नव्या तक्त्यात माहितीचे सगळे काम, म्हणजे उदाहरणे जमवणे, तपासणे आणि त्यांची परीक्षा कशी घ्यायची ते ठरवणे, त्या मुलीकडे गेले. पहिले सहा आठवडे तिचा शब्द शेवटचा. रिपोर्ट चौघांनी आपापल्या भागाचा लिहायचा.

परीक्षा कशी घ्यायची, हा भाग आम्हा शिक्षकांना लगेच कळेल. वर्गात सोडवलेलीच गणिते पेपरात दिली तर सगळे पास. फिशिंगच्या उदाहरणांतही तेच होते. एकच टोळी एका दिवसात एकसारख्या शंभर वेबसाइटी उभ्या करते. त्यातल्या ऐंशी शिकवण्यात आणि वीस परीक्षेत गेल्या, तर संगणकाने काही ओळखले नाही, पाठ केले. म्हणून त्यांनी ठरवले की तारखेने भाग पाडायचे. डिसेंबरपर्यंतच्या लिंकांवर शिकवायचे आणि जानेवारीनंतर आलेल्यांवर परीक्षा घ्यायची. लोकांनी कळवलेल्या फसव्या लिंकांच्या याद्या मिळतात. फिशटँक नावाची एक 2006 पासून चालू आहे. त्यातून ताज्या लिंका घ्यायच्या. गुण कमी पडतील, पण ते खरे असतील. गाईड सर 97 चा आकडा मागतील का, अशी भीती पेणच्या मुलाला वाटत होती. मी म्हटले, मागितला तर हेच सांगा.

दुपारी जेवताना आणखी एक हिशेब निघाला आणि भाकऱ्या गार झाल्या. समजा एका माणसाच्या फोनवर हजार लिंका उघडल्या जातात आणि त्यांतल्या पाच खोट्या आहेत. प्रणाली खोट्यांपैकी 95 टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त 3 टक्क्यांना चुकून खोटे म्हणते. ऐकायला छान. पण मोजा. पाचांतल्या जवळजवळ पाच पकडल्या, आणि 995 खऱ्यांपैकी तीस जणींवर खोटा आळ. धोक्याची घंटा पस्तीस वेळा वाजली, त्यांतली तीस वेळा उगाच. आठवड्याभरात माणूस घंटा बंद करून टाकील.

शिवाय उगाच वाजलेली घंटा नुसती त्रासाची नसते. स्कॉलरशिपच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे, हजचा अर्ज भरायचा आहे, आणि फोन म्हणाला की ही वेबसाइट धोकादायक आहे, तर आमच्या दादी अर्ज सोडून देतील. एखादी खोटी लिंक सुटली तर पैसे जातात. खरी अडवली तर वर्ष जाते. संगणकाला दोन्ही चुका सारख्याच. यातली कोणती किती सहन करायची हे माणसांनी ठरवायचे असते, आणि कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी. त्यांच्या कागदावर याला जागाच नव्हती. आता आहे. सरकारी आणि बँकांच्या खऱ्या पत्त्यांची एक पक्की यादी आधी पाहायची, तिच्यातल्या पत्त्यावर घंटा वाजणारच नाही. बाकीच्यांसाठी 'धोका' आणि 'खात्री नाही' असे दोन वेगळे निकाल.

त्या पक्क्या यादीवरून संध्याकाळी पत्ता वाचायचा कसा यावर बोलणे निघाले. हे वाचकांनी जरूर पाहावे, त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो, आणि फसवणारा नेमका डाव्या बाजूला ओळखीचे शब्द मांडून ठेवतो. पण मालक कोण हे उजव्या बाजूला लिहिलेले असते. उर्दू वाचतो तसे उजवीकडून सुरू करा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिथे थांबा आणि तिथून मागे डावीकडे या. लाडकी बहीण योजनेचा खरा पत्ता आहे लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. उजवीकडून पहिले 'इन', मग 'जीओव्ही'. हे जोडनाव फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळते. मग 'महाराष्ट्र', मग योजना. आता समजा पत्ता आहे लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही आडवी रेघ केवायसी डॉट इन. डावीकडून वाचणाऱ्याला 'लाडकी बहीण महाराष्ट्र जीओव्ही' दिसते आणि तो निर्धास्त होतो. उजवीकडून वाचणाऱ्याला दिसते की 'इन'च्या शेजारी 'जीओव्ही-केवायसी' नावाचा कोणी तरी बसला आहे. असे नाव काही शे रुपयांत कोणालाही मिळते.

बँकांसाठीही आता तशी खूण आहे. पूर्वी प्रत्येक बँकेचा पत्ता वेगळ्या धाटणीचा, त्यामुळे शिकवण्यासारखा नियमच नव्हता. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये 'बँक डॉट इन' हे जोडनाव जाहीर केले आणि बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे यायला सांगितले. हे नाव बँकांनाच मिळते. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. मुलांना माहीत नव्हते. सांगून घेतले.)

पत्त्याशेजारच्या कुलपावर मात्र विसंबू नका. कुलूप एवढेच सांगते की तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधली वाट बंद आहे, तिसरा कोणी ऐकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर वाट चोरापर्यंत बंद आहे. असे कुलूप कोणालाही फुकट मिळते. लोक त्याचा अर्थ 'प्रामाणिक' असा घेतात म्हणून गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चित्रच काढून टाकले.

अक्षरांचाही खेळ असतो. उर्दूच्या वर्गात मी मुलांना नुक्ता मोजायला शिकवते. खेचा नुक्ता वर, जीमचा पोटात, एवढ्यावर शब्द फिरतो. इंग्रजी अक्षरांत 'आर' आणि 'एन' चिकटून आले की 'एम' वाटतो, शून्य आणि 'ओ' सारखे दिसतात. रशियन लिपीतला 'ए' तर डोळ्याला इंग्रजीसारखाच दिसतो, संगणकासाठी मात्र ते अक्षरच वेगळे.

इथे माझ्या मते त्या चौघांच्या प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा भाग सापडला, आणि तो त्यांच्या कागदावर नव्हता. तयार संचांतल्या खोट्या वेबसाइटी परदेशी बँकांच्या आणि दुकानांच्या नकला करतात. त्यांची नावे इंग्रजीत एकाच पद्धतीने लिहिली जातात, म्हणून एखादे अक्षर बदलले की संगणकाला खटकते. पण 'लाडकी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत कसा लिहिणार? 'एल-ए-डी-के-आय' की मध्ये एक जादा 'ए'? खऱ्या सरकारी पत्त्यात तो जादा 'ए' आहे. आमच्या ग्रुपवरच्या बहुतेक जणी तो लिहीत नाहीत. 'बहीण'चेही तेच, कोणी 'बहिन' लिहिते, कोणी 'बेहन'. आपल्या हज कमिटीच्या नावात 'हज'ला एकच 'जे' आहे, अरबस्तानात आणि इंग्रजी पुस्तकांत दोन. म्हणजे मराठी-उर्दू नावांची स्पेलिंगे आपण रोजच पाच प्रकारे लिहितो, आणि पाचांपैकी चार पत्ते फसवणाऱ्याला मोकळे सापडतात. दोन शब्दांत किती अक्षरांचे अंतर आहे हे मोजायचे गणित जुने आहे, संगणकवाल्यांना माहीत आहे. पण कोणत्या शब्दांभोवती ते मोजायचे, ती यादी कोणी बनवलेली नाही असे मुलांचे म्हणणे. आम्ही रात्री अकरापर्यंत ती बनवली. योजना, शिष्यवृत्त्या, दाखले, वीजबिल, गाडीची नंबरप्लेट, हज-उमरा. प्रत्येकाची जेवढी सुचतील तेवढी स्पेलिंगे. पेणच्या मुलाने गणपती मूर्तींच्या ऑनलाइन बुकिंगची भर घातली. त्याच्या घरी मूर्तींचा कारखाना आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला म्हटले, चल, भाभीकडे. कागदावर होते की ही प्रणाली क्रोम ब्राउझरला जोडायचे छोटे उपकरण, एक्स्टेंशन, म्हणून बनवायची. भाभीने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि आपला फोन पुढे केला, "यात घालून दे." भाचीचा चेहरा पडला. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमला एक्स्टेंशन जोडता येतच नाही. ते लॅपटॉपवर चालते, आणि आमच्या गल्लीत लॅपटॉप दोन घरांत. चार महिने राबून चौघांनी जी वस्तू बनवली असती, ती जिचे पैसे गेले तिच्या हातात कधीच आली नसती.

आराखडा तिथे बदलला. आता एक लहानसे अ‍ॅप बनवायचे ठरले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली की तिच्यावर बोट दाबून धरायचे, 'शेअर' म्हणायचे आणि या अ‍ॅपकडे पाठवायची. उघडायची नाही. पत्त्याची तपासणी शक्यतो फोनवरच व्हायला हवी, कारण काही लिंकांमध्ये माणसाची खासगी खूण दडलेली असते आणि ती मुलांच्या सर्व्हरवर जमा होणे बरे नाही.

भाभीने तिच्याकडे आलेले इतर मेसेजही दाखवले. वाहनाच्या दंडाचे चलन म्हणून आलेली एपीके फाइल. वीज आज रात्री कापणार, या नंबरवर फोन करा. कोणाच्या लग्नाची पत्रिका, तीही एपीके. यातल्या बऱ्याच मेसेजांत वेबसाइट नव्हतीच. मुलगे म्हणू लागले, हेही घेऊ, तेही घेऊ. इथे मी शाळामास्तरीण झाले. चार महिने, चार माणसे. माघी गणपती जानेवारीत, पेणचा मुलगा तेव्हा घरच्या कामात. रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू, म्हणजे तिघांचे रात्रीचे जागरण इबादतीत आणि सेहरीत जाणार, मार्चमध्ये ईद. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा. हे सुट्टीचे दिवस त्यांच्या तक्त्यात नव्हतेच. सगळे आठवडे सारखे धरले होते, जणू चौघे यंत्रे आहेत. म्हणून सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद 'आम्ही काय करणार नाही' असा लिहवून घेतला. एपीके फाइल तपासणार नाही, फोन नंबर तपासणार नाही. फक्त एपीके दिसली तर 'उघडू नका' एवढे सांगणार. अवघड काम रमजानच्या आधी संपवायचे, रमजानमध्ये फक्त चाचणी आणि दुरुस्त्या.

लिंका गोळा करायचेही नियम ठरले, आणि यावर मी अडून बसले. गल्लीतल्या बायकांनी संशयास्पद मेसेज एका नंबरवर पाठवायचे, पण स्क्रीनशॉटमध्ये आधार, खाते नंबर, ओटीपी असेल तर तो त्याच दिवशी खोडायचा. कोणाचे नाव वहीत लिहायचे नाही. आणि खोटी वेबसाइट उघडून पाहायची ती कॉलेजच्या संगणकात वेगळ्या कप्प्यात, अम्मीच्या फोनवर नाही. भाचीने आधी एकदा तसे केले होते, हे तिच्या गप्प बसण्यावरून कळले.

सर्वांत जास्त वाद झाला तो इशाऱ्याच्या शब्दांवर. त्यांनी लिहिले होते, 'सदर संकेतस्थळ दुर्भावनापूर्ण असण्याची शक्यता आहे.' मी म्हटले, हे भाभीला वाचून दाखवा. पेणचा मुलगा म्हणाला, "मॅडम, शब्द शेवटी बदलू, ती पाच मिनिटांची कामं." पाच मिनिटांची नाहीत. माणूस घाईत असतो, दीड हजार बंद होणार म्हणून घाबरलेला असतो, आणि समोर एक वाक्य येते. त्या वाक्याने तो थांबला नाही तर मागचे सगळे गणित फुकट. शेवटी भाभीच्याच तोंडचे शब्द घेतले, 'थांबा. ही लिंक सरकारची नाही. आधार नंबर आणि ओटीपी देऊ नका.' खाली, 'दिला असेल तर आत्ताच 1930 ला फोन करा. घरी सांगा.' हे 'घरी सांगा' तिनेच घालायला लावले. मी त्याचा उर्दू मजकूर लिहून दिला. दादींसाठी तो मोठ्याने वाचून दाखवायची सोयही अ‍ॅपमध्ये असेल.

मुले परत गेली. सिनॉप्सिस गाईड सरांकडे गेले, त्यांनी अचूकतेचा आकडा का नाही असे विचारलेच. त्या मुलीने तारखेने भाग पाडायचे कारण सांगितले, म्हणून मंजूर झाले. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात फेब्रुवारीचा तिसरा आठवडा आहे आणि लिहिले आहे, 'पहिली चाचणी : वरसे, दहा फोन.'

भाभीला पहिला फोन देशील का असे विचारले. देईन म्हणाली, नाव मात्र कुठे छापायचे नाही. ते मी पाळले आहे. आणखी एक अट घातली, चाचणीची लिंक तिला भाचीने पाठवायची, मी नाही.